खर्ज

माझं आडनाव ड्रोझ्ड.
आजोबांच्या पोलिश बोलीत त्याचा अर्थ कस्तूर,
शीळ घालणारा पक्षी.
मी शीळ घालत नाही. मी घाबरवतो.

ईरी शहरात, तळ्याकाठी,
दातांच्या दवाखान्याखालचं तळघर,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
तिथे बसून सव्वीस सेकंदांत
एका माणसाची अब्रू उतरवायची.
उरलेले चार, पैसे कोणी दिले ते सांगायला.
ते भरभर वाचायचं,
घाईतल्या पाद्र्यानं जेवणाआधीची प्रार्थना उरकावी तसं:
निर्मळ सकाळ नागरिक संघ.

या संघात नागरिक किती, मी एकदा विचारलं.
फोनवरची मुलगी हसली.
म्हणाली, एमेट, पत्ता आहे ना,
डेलावेअरमधली टपालपेटी, दोनशे अकरा.
टपालपेटीत किती नागरिक मावतात
हे मग विचारलं नाही.

सोमवारी या बाजूची सुपारी, गुरुवारी त्या.
ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.
डावा हात एकाचा, उजवा दुसऱ्याचा,
टाळी मात्र एकच वाजते.
इंजिनांचा बंद पडलेला कारखाना,
कुलूप, गंजलेलं कुंपण,
तोच फोटो दोन्ही जाहिरातींत.
एकीत तो त्यानं बंद पाडला, दुसरीत तिनं.
माझे वडील तिथे एकतीस वर्षं होते
हे कुठल्याच संहितेत नाही.

ऑक्टोबरात चॅनेलवर जागा उरत नाही.
गाद्यांवाला, अपघाताचा वकील, भोपळ्यांची जत्रा,
सगळे बाजूला सरले.
हवामानवाली लोरेन म्हणाली,
वादळाचा इशारा द्यायला मला अकरा सेकंद मिळाले,
बाकीचे विकले गेले होते.
काही राज्यांत म्हणे इतकं नसतं.
तिथली मतं ठरलेली, ठरलेल्यावर कोण पैसा ओततो?
आमचं मन अजून ठरत नाही,
म्हणून आम्हाला भाव.

आईच्या वृद्धाश्रमात टीव्ही कधी बंद होत नाही.
रविवारी गेलो तर ती
गोळ्यांची डबी उशीखाली सारत होती.
"जानेवारीपासून बंद करणार आहेत. तो म्हणाला."
कोण म्हणाला?
तिनं बोट दाखवलं.
तिथे मी होतो.
म्हणजे माझा खर्ज होता,
मुद्दाम काळवंडवलेल्या एका चेहऱ्याखाली,
कुठल्यातरी औषधकंपनीच्या पैशावर,
असं ऐकून होतो. लेखी काहीच नसतं.

मी म्हटलं, आई, तसं काही नाही,
लोकांना उगाच भिववतात.
माझ्या रोजच्या आवाजात म्हटलं,
ज्याला आजवर कोणी एक डॉलर दिलेला नाही.
तिनं मान हलवली,
लहानपणी मी थाप मारली की हलवायची तशी.
"तुला काय ठाऊक?
तो बघ किती शांतपणे सांगतो.
अगदी तुझ्या वडिलांचा आवाज."

डबीतल्या गोळ्या मोजल्या. सोळा.
घेत नव्हती. पुरवून ठेवत होती.

त्या रात्री संघाची नवी संहिता आली.
दोनदा वाचली.
तिसऱ्यांदा वाचली ती माइकसमोर.

मतदानाला शाळेच्या जिममध्ये रांग,
बास्केटबॉलच्या रेघांवरून वळत गेलेली.
टेबलामागच्या बाईनं नाव विचारलं.
मी कागदावर लिहून दिलं.

बुधवारी गाद्यांवाला परत आला,
चाळीस टक्के सूट, हसत हसत.
आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"तो कुठे गेला रे?"
कोण?
"तो. खरं सांगायचा तो."

मी तिच्या बशीतल्या पिएरोगीचे
बारीक तुकडे करत राहिलो,
तिला गिळता येतील त्याहूनही बारीक.