एकशे बारा कार्डं

परीक्षा मंगळवारी, सकाळी आठला.
आज रविवार. लाँड्रोमॅटमधलं सात नंबरचं मशीन
आईचे स्वेटर घुसळतंय.
बाहेर आर्कान्सामधला मे महिना, घामाच्या धारा,
आणि आत, कोंबड्या सोलायच्या पट्ट्यापाशी,
चार अंश. म्हणून एकावर एक तीन स्वेटर.
कितीही साबण घाला, वास काही हटत नाही.

मी कार्डं काढते. एकशे बारा.
पिवळी लोकसंख्येची, निळी शेतीची,
गुलाबी शहरांची. गुलाबी रुबोनने भिजवली,
त्यामुळे 'उपनगर' या शब्दावर
कायमचा सरबताचा डाग.

"विचार," मी आईला म्हणते.
ती कार्ड हातभर लांब धरते,
एकेक अक्षर जुळवते:
"अंतराची... झीज?"
"जितकं लांब तितकं कमी," मी घडाघडा.
"व्यापार, ये-जा, फोन, सगळंच."
बरोबर आलं तर कार्ड डावीकडे ठेवायचं.
ती ठेवत नाही.
आम्ही रविवारी फोन लावतो तेव्हा
माजुरोत सोमवार उजाडलेला असतो.
पूर्वी दर रविवारी लावायचो.
पुढचं कार्ड.

कोणा जर्मन जमीनदाराने कडी आखली होती:
मधोमध बाजार, भोवती दूध-भाजी,
मग लाकूड, मग धान्य, शेवटी गुरं.
आमच्या गावात मधोमध कारखाना.
पहिल्या कड्यात वास.
दुसऱ्यात आम्ही.
मग टायरची दुकानं, चार चर्च (एक आमचं, भाड्याचं),
मग कोंबड्यांच्या लांबच लांब शेड,
आणि सगळ्यात बाहेर, टेकडीवर,
जिथून वारा गावाकडे वाहतो, गावाकडून नाही,
तिथे मिसेस टिडवेल. हा विषय त्याच शिकवतात.

बाई चांगल्या आहेत. शनिवारी स्वतःच्या पैशाने डोनट आणतात.
त्यांनीच वर्गात विचारलं होतं,
काड्यांच्या नकाशाबद्दल. लाटांच्या वाटा काड्यांच्या,
बेटं कवड्यांची.
"तुमच्या घरी असेल ना एखादा?"
नाही. मी पाहिलाय तो एकच,
माजुरोच्या विमानतळावर, दुकानाच्या काचेमागे,
किमतीच्या चिठ्ठीसकट. तेव्हा मी सहा वर्षांची.
आमच्या घरी फ्रिजवर शिफ्टचं वेळापत्रक.
कुठली लाट कधी येणार,
आईला न बघता सांगता येतं.

सराव प्रश्न चौथा, उपप्रश्न ब.
स्थलांतराचं एक ढकलणारं कारण लिहा
आणि ते स्पष्ट करा. गुण एक.
"आई, तू का आलीस?"
मशीन पिळायला लागलं होतं, तिला ओरडून बोलावं लागलं.
"विहीर खारट झाली!
तुझ्या मामाचा पाय. आधी बोट, मग घोटा, मग...
तिथे ते यंत्र नव्हतं.
तुझी मावशी आधीच आलेली. म्हणाली, इथे बर्फ पडतो!
थापाडी. नऊ वर्षांत किती पडला?"
मशीन थांबलं, तरी आवाज तेवढाच राहिला:
"आणि मला जायचंच होतं!
सव्वीस वर्षांची होते. एकाच रस्त्याचं बेट.
सकाळी निघालं की दुपारी संपायचं."
ड्रायरपाशी उभ्या बाईने वळून पाहिलं.
आई हसली, तोंडावर हात घेऊन.

मी पिवळी, निळी, गुलाबी सगळी चाळली.
जायचंच होतं, याला रंग नव्हता.
'पाणी' लिहिलं. त्याला गुण मिळतो.

मग स्वेटर ड्रायरमध्ये, सहा नाणी,
चाळीस मिनिटं.
ती भिंतीला टेकून झोपली, मनगटं मांडीवर उलटी,
झोपेतही बोटं
काहीतरी कापल्यासारखी हलत होती.
मी जन्मदर केला, मृत्युदर केला,
मतदारसंघांच्या वेड्यावाकड्या सीमा केल्या.

निघताना मोजली. एकशे अकरा.
बाकाखाली पाहिलं, पुन्हा मोजली.
आईचा हात जॅकेटच्या खिशात,
आणि खिशाच्या कडेला
पिवळा कोपरा.

विचारलं नाही.
तेवढं एक मला पाठ आहे.