वाढपी

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला
अकरा हजार पोरं एकदम पंगतीला बसतात.
भंवरकुव्याच्या भाड्याच्या खोल्यांतून,
देवासच्या, शाजापूरच्या माळ्यांवरून,
सराव परीक्षा, शंभर प्रश्न, दोन तास.
साडेबाराला उष्टी निघतात.
मग सोमवार ते शनिवार
एखाददुसरा येतो, चुकलेलं उत्तर बघतो, जातो.

आणि आमचे बारा सर्व्हर
सातही दिवस, रात्रीचे तीन वाजले तरी
पळी हातात घेऊन उभे.

बारा गुणिले एकशे अडुसष्ट.
आठवड्याला दोन हजार सोळा तासांचं भाडं.
पोरवाल साहेबांनी बिलावर लाल गोल केला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, देखो कुछ.

रामबागेत द्वारकामावशीकडे गेले होते,
ती परातीत पुरणाचा अंदाज घेत होती, दीडशे पानांचा.
सर्व्हर म्हणजे काय गं नेमकं?
मागितलं की आणून देणारा, म्हटलं.
म्हणजे वाढपी, ती म्हणाली, आणि कणीक मळू लागली.

"मग त्यात काय. दोघं बारमाही ठेवायचे,
वर्षाचं एकदाच बोलून घ्यायचं, घासाघीस करून.
बाकीचे मुहूर्ताला. पंचांगात छापलेलंच असतं,
लग्न काय अचानक येतं?
पण तासभर आधी बोलवावं.
पानं मांडून झाल्यावर नाक्यावर माणूस शोधू नये.
आणि ती स्वस्तातली पोरं असतात ना,
दुसऱ्या कार्याचा फोन आला की हातातलं टाकून पळणारी,
तीही घ्यावीत. कांदे चिरायला.
अर्धा राहिलेला कांदा दुसरा चिरतो.
जिलबीच्या कढईपाशी मात्र बसवू नयेत."

मी तसंच केलं.
दोन सर्व्हर वर्षाच्या कराराने, निम्म्याजवळ दरात.
दहा फक्त रविवारी, नऊ ते एक.
पेपर तपासायचं काम त्या पळपुट्या यंत्रांना,
मधेच उठली तर पुढचं यंत्र
जिथे खूण आहे तिथून तपासतं.
दोन हजार सोळाचे झाले तीनशे शहात्तर.
एक वाजता दहा यंत्रं विझतात,
कुणालाही निरोप द्यावा लागत नाही,
कुणाच्या डब्यात उरलेलं भरून द्यावं लागत नाही.

पोरवाल साहेब खूश. पोहे मागवले, वर जास्तीची शेव.
पोहे संपता संपता म्हणाले,
और वो मालवीयजी? वो भी तो संडे का ही काम है ना?

घनश्याम मालवीय, वय त्रेपन्न, हेल्पलाइन.
रविवारी दीडशे फोन.
इतर दिवशी पाच, सहा,
आणि खिडकीतल्या तुळशीला पाणी.
माझाच हिशेब होता. माझ्याच शीटमध्ये
एक रकाना वाढवला की झालं.

चातुर्मासात मावशीकडे मुहूर्त नव्हते.
भागीरथ अंगणात बसून
आधीच लख्ख असलेलं पातेलं चिंचेनं घासत होता.
मी विचारलं, याचा चार महिने पगार?
"तो त्या दोघांतला आहे."
पण काम तर एकालाच पुरेल...
"दोघं म्हटलं ना मी,"
ती म्हणाली, थोडी चिडूनच,
"आणि कुठले दोघं, ते पंचांगात नसतं."

त्यानंतर तीन रविवार झाले.
शीट उघडते, बारमाहीच्या रकान्यात
दोन यंत्रांच्या खाली एक नाव लिहिते,
कारणाची जागा रिकामी राहते,
पाठवायचं बटण राहून जातं.

आज नऊला दहा यंत्रं जागी झाली, वेळेवर.
दहा वाजून दोन मिनिटांनी
काचेपलीकडून मालवीयजींचा आवाज:
रो मत बेटा, पेपर कहीं नहीं गया.
पहले पानी पी ले.
मैं लाइन पर हूँ.