इतिवृत्त: एकतीस नंबरची बस

हजर बेचाळीस, खुर्च्या तीस.
चॅपलच्या मागच्या खोलीत हीटर एकच,
तो पाहुण्याच्या पायाशी.
लिहिणार मी, मेरेरिड बेवन, शाळेतली निवृत्त कारकून.
अक्षर बरं आहे, म्हणून दर वेळी मलाच बसवतात.

विषय पहिला आणि एकुलता:
एकतीस नंबर यापुढे टेकडी चढणार नाही.
खालच्या हमरस्त्यानेच सरळ पुढे जाईल.
अकरा मिनिटं वाचतील, श्री. ट्रँटर म्हणाले.
कुणाची, ते म्हणाले नाहीत.
(हे वाक्य मी खोडलं. मग पुन्हा लिहिलं.)

त्यांनी नकाशा भिंतीला टाचला.
आमची घरं त्यात राखाडी चौकोन,
थांबा लाल ठिपका,
मधे बोटभर पांढरी जागा.
"चारशे मीटर फक्त. हाकेच्या अंतरावर."

मागच्या रांगेतून एमलिन प्रॉदेरो उठला.
खाणीतली एकवीस वर्षं त्याच्या छातीत अजून शिट्टी वाजवतात.
"हाक पोचेल हो," तो म्हणाला,
"हाकेला गुडघे नसतात."

हशा. हशा नोंदवायचा नसतो, पण झाला.

मग एकेक.
इडवलचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा.
जाताना उतार आहे, ठीक.
येताना त्याच्यात काही उरलेलं नसतं.
कॅडीची जुळी, जुळ्यांची गाडी, आणि तो बर्फाचा फेब्रुवारी.
रोविनाची रात्रपाळी, वृद्धाश्रमात;
ती आली नव्हती, कारण ती कामावर होती.
तिची चिठ्ठी मी वाचून दाखवली.
इंग्रजी तिचं आमच्याहून नीटस.

श्री. ट्रँटर सगळं ऐकून घेत होते.
माणूस वाईट नाही. पेनला टोपण लावत, काढत होते.
म्हणाले, आकडे बघा, संध्याकाळी साडेआठच्या गाडीत
सरासरी प्रवासी एक पूर्णांक दोन दशांश.

तेव्हा ग्लेनिस उठली. तिने आपली बाजाराची पिशवी
(बटाटे, दूध, मांजराचे डबे)
टेबलावरून उचलली आणि त्यांच्या हातात दिली.
"चला. तुम्हीच मोजा."

सात चाळीसला बैठक रस्त्यावर आली.
पाऊस आडवा, नेहमीसारखा.
खाली लाल ठिपक्यापर्यंत सगळे गप्पा मारत गेलो.
तिथून वळलो.

पहिल्या शंभर मीटरवर ते योजनेबद्दल बोलत होते.
दुसऱ्या शंभरात फक्त "हो" म्हणत होते.
पोस्टाच्या बंद दुकानापाशी थांबले,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि दरीकडे तोंड करून म्हणाले,
"काय देखावा आहे इथून!"

कुणीच हसलं नाही.
आम्ही सगळेच तिथे थांबतो.
आमच्या आयाही थांबायच्या, त्याच भिंतीला हात टेकून,
त्याच काळ्या दरीत बघत.
इतकी वर्षं या गावाने देखावा पाहिला
आणि दम लागला असं कुणी कुणाला सांगितलं नाही.

एमलिन त्यांच्या शेजारी उभा राहिला.
दोघं मिळून अंधार पाहत होते.
छातीतली शिट्टी एकाच्या, श्वास दोघांचे.

तेवढ्यात साडेआठची आली, खालच्या गिअरमध्ये कण्हत,
सगळे दिवे लावून. डेल्विनने आम्हाला पाहून वेग कमी केला.
आत एकच प्रवासी: इडवल,
खिडकीला डोकं टेकून झोपलेला.
डेल्विन त्याला दारापाशीच उठवतो. वेळापत्रकात ते नाही.

दोन दशांश कुठे दिसला नाही.

निर्णय: पुढच्या महिन्यात, लेखी कळवण्यात येईल.
पिशवी: परत केली, एक डबा चेपलेला.
बैठक तहकूब, सात चाळीस ते आठ पस्तीस.
कारण: या रकान्यात मी
बराच वेळ पेन धरून बसले, आणि लिहिलं,
देखावा.