रास्त भाव

सोन्याचं सोपं असतं.
दांडिया बाजारातल्या सहकारी बँकेत एकवीस वर्षं
मी कसोटीवर बांगड्या घासतो:
एक रेघ, वर आम्लाचा थेंब,
किती टिकली, किती विरली.
भाव सकाळीच फळ्यावर लिहिलेला असतो,
त्यात पोतदाराचं मत कुणी विचारत नाही.

शुक्रवारच्या बाजारात मात्र
तुटक्या इस्त्र्या, एकेकट्या चपला
आणि बिनकाट्यांच्या घड्याळांमध्ये
गोणपाटावर ते पालथं पडलेलं असतं, तेव्हा
दगड बँकेत राहिलेला असतो.

मग बोटांनी बघायचं.
आधी स्क्रूच्या खाचा. कोऱ्या असतील
तर आत कुणी हात घातलेला नाही.
मग कानाशी हलवायचं.
झुरळ वाजलं तर पन्नास कमी,
वायर उंदरानं खाल्लेली, शंभर कमी.
प्लास्टिक पिवळं पडलेलं: हे कमी की जास्त
मला अजून ठरवता येत नाही.
हस्तिदंतासारखं पिवळं
की जर्दा खाणाऱ्याच्या दातांसारखं, त्यावर आहे.
कॅसेटवर छापलेलं, नव्व्याण्णव हजार खेळ एकात.
आत सात.
सोन्यात एवढी खोट निघाली असती
तर आमच्या शाखेला टाळं लागलं असतं.
इथे तीच अस्सलपणाची खूण.

कंकुबेननं ते आणलं होतं
दिवाळीच्या साफसफाईत, अलकापुरीतल्या कुठल्याशा बंगल्यातून,
जुन्या साड्यांच्या गठ्ठ्याबरोबर,
स्टीलच्या एका तपेलीच्या बदल्यात.
काळं सेगा. खोक्यासकट, थर्माकोलसकट,
दोन्ही रिमोटच्या वायरी अजून
कारखान्यातल्या तारेनं बांधलेल्या.
"केटला?" मी विचारलं, आवाज सुकवून.
"बसो."
दोनशे. माझ्या डोक्यात चौदा हजार.

घासाघीस करणं भाग होतं,
न करणं म्हणजे कबुलीजबाब.
दीडशेवर आणलं.
स्कूटरवर पायांत ठेवून काळ्या घोड्यापर्यंत आलो,
सिग्नल हिरवा झाला,
मागचे हॉर्न मारत राहिले.

आठवडाभर भागाकार केला.
तिची तपेली, तिचं दारोदारचं ऊन,
माझं ज्ञान, माझी हाव.
कुणाचा वाटा किती?
कसंही मांडलं तरी पाच हजारांच्या खाली उतरेना.

पुढच्या शुक्रवारी पाकीट तिच्यापुढे धरलं.
"हे राहिलेले."
तिनं नोटा मोजल्या. दोनदा.
एक उन्हात धरली.
मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
मी रेघेकडे बघतो तशी, थेंब टाकून.
आणि आपल्या गुजरातीत, सावकाश, म्हणाली:
जो आपणहून पाच देतो, भाई,
त्यानं नेले तरी किती असतील?

मला चौदा म्हणता आलं नाही.

तेव्हापासून तिच्याकडे
बसोला काहीच नाही.
फुटका मिक्सर, चार हजार.
एकटी चप्पल, तीही डावी: "जुनी छे, साहेब, जुओ तो खरा."
गिऱ्हाईकं हसून पुढे सरकतात.
मी उकिडवा बसतो. दर शुक्रवारी.
ती माझ्या भुवया बघून आकडा लावते,
माझ्या घरात आता तीन मिक्सर आहेत.

सेगा कपाटात आहे, खोक्यात.
तारा सोडलेल्या नाहीत.
चाललं तर मी तिला अजून देणं लागतो,
नाही चाललं तर पाच हजार
मी कशाचे दिले, याचा हिशेब लागतो.

परवा तिनं विचारलं, चालतं का ते?
खरं सांगितलं. लावूनच पाहिलं नाही.
कंकुबेन पहिल्यांदा हसली,
मागच्या पोत्यात हात घालून
खणखण करत काहीतरी शोधू लागली.
"आण मग परत," म्हणाली,
"तपेली देते."