बेचाळिसावी सुरंगी

आसोलीत उजाडायच्या आधी
झाडाखाली जुनी लुगडी अंथरतात.
वर शिडी, शिडीवर दाजी धुरी,
दाजीच्या कानाभोवती मधमाश्या.
कळी उमलायच्या आत खुडायची.
चार पांढऱ्या पाकळ्या एकदा मागे वळल्या
की सुरंगी कुणाचीच उरत नाही.

पहिल्या वर्षी मी दोन किलो आणली, ओल्या फडक्यात,
उभादांड्याच्या माझ्या शेडमध्ये,
आणि सरळ उकडली.
भट्टी इनासची. काजू अजून पिकायचे होते,
तांब्याचं भांडं रिकामं होतं.
नळीतून थेंब आले, स्वच्छ, देखणे,
आणि वास आला शिजलेल्या दुधीचा.
इनास म्हणाला, "बाय, ह्येच्यापरास हुर्राक बरो."

मग कोकमतेल.
काचेवर पातळ फासून
फुलं पालथी निजवली,
दुसऱ्या दिवशी उचलून नवी निजवली,
छत्तीस वेळा.
तेलाला वास लागला खरा,
पण पाहुणी गेल्यावर
उशीला राहतो तेवढाच.

तेव्हापासून मी तिला बाहेरून बांधते आहे.
नारिंगाच्या फुलाचे चार थेंब.
पोळ्याच्या मेणाचा दीड.
नागकेसर, नातलग म्हणून.
सुक्या गवताची थोडी ऊब.
वहीत नोंदी आहेत:
सतरा, साबण.
बावीस, देवळात जाऊन आलेली.
तीस, जवळची, पण लग्नाला नटलेली.
एकतीसपुढे नुसती फुली.

एकेचाळिसावी पट्टी घेऊन
वेंगुर्ल्याच्या बाजारात गेले,
सत्यवती धुरीपाशी.
चाळीस वर्षं ती केळीच्या सोपात
सुरंगीचे वळेसर ओवते.
तिच्याहून मोठं नाक या किनाऱ्यावर नाही,
असं मी धरून चालले होते.

तिने पट्टी नाकाशी नेली,
माझ्याकडे बघितलं, परत दिली.
"माका वास येना नाय गो.
तीन वर्सा झाली. तापात गेलो तो गेलो."
बोटं ओवतच होती.

तीन हंगाम.
गिऱ्हाईक वळेसर हुंगतं,
ही गिऱ्हाइकाचं तोंड हुंगते
आणि पैसे सांगते.

मी उठले. म्हणाली, "बस.
काय काय घातलंस ता सांग."

मी थेंब मोजून सांगितले.
ती डोळे मिटून ऐकत होती,
माहेरच्या वाटेवर आता कुठे काय आहे
ते कुणी सांगावं तसं.
"गोडवो जास्त झालो.
आणि उन खय आसा?
सकाळची येगळी, धा वाजताची येगळी.
धा वाजता तिका जरा घाम येता."
मग सुई नसलेल्या हाताने सोप दाखवला.
"हो खय घातलंस?
नुसत्या फुलाचो वास झाडाक म्हायत.
आमका म्हायत तो वळेसराचो.
ओलो सोप, खोबरेल,
मानेर चिकाटलेलो केस."

घरी येऊन मी केळीचा सोप
रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवला.
हिरवं, पाणचट, काहीसं विहिरीच्या काठासारखं
त्यातून निघालं.
मेण अर्ध्यावर आणलं.
घामासाठी जिऱ्याचा पाव थेंब,
हसू नका,
पाव थेंबापुढे त्याची आमटी होते.
खोबरेल आठवणीपुरतं.

पंधरा दिवस बाटली अंधारात ठेवली.
शेडमागे खाडीची भरती-ओहोटी चालू होती,
खारा वास दाराच्या फटीतून आत येई,
मी फटीत गोणपाट कोंबलं,
मग काढून टाकलं. असू दे. तीही इथलीच.

बेचाळीस घेऊन गेले तेव्हा हंगाम सरत आला होता.
टोपलीत थोडीच फुलं, त्यांवर मुंग्या.
पट्टी आधी मी हुंगली, तिच्यासमोर.
क्षणभर दाजीची शिडी दिसली,
लुगड्यावर टपटपणाऱ्या कळ्या,
आणि मग कुठेतरी
एक पायरी कमी पडली.

सत्यवतीने पट्टी घेतलीच नाही.
माझं तोंड नीट बघितलं,
गिऱ्हाइकाचं बघते तसं.
"आजून नाय," म्हणाली,

आणि तीसचा वळेसर
मला वीसला दिला.