किरकोळ

साठ वर्षं शेवटी हेच वाक्य म्हणत आलोय:
'ही, आणि मला न आठवणारी सगळी पापं.'
पार्सल ऑफिसच्या रजिस्टरात
शेवटचा रकाना असायचा, किरकोळ.
कुठेच न बसणारं तिथे बसवायचं,
खाली सही ठोकायची
आणि डबा खायला जायचं.

भुसावळात पवित्र आठवडा म्हणजे चव्वेचाळीस डिग्री.
परवा कुलरमध्ये पाणी ओतताना
रेजिनाच्या शिलाई मशीनला कोपर लागलं,
चाक अर्धा वेढा फिरून थांबलं,
आणि अमळनेरच्या खिडकीशी तो उभा.
डोक्याला पंचा,
हातात घामानं मऊ झालेली पावती:
'भाऊ, मन्हं मशीन उनं का?'

उनं होतं.
सुरतेहून, गोणपाटात शिवलेलं.
मुदतीला एक दिवस बाकी असताना
मीच ते बेवारस लिहिलं,
मेव्हण्याच्या नावावर एकशे दहा रुपयांत सोडवलं.
त्याला म्हणालो, उशीर केलास.
तो भांडला नाही.
पावतीची चौघडी घालून खिशात ठेवली,
जशी काही पुढे लागणारच होती.

त्या मशीनवर सुहासिनीच्या
पहिल्या कम्युनियनचा झगा शिवला.
अभ्रे, पडदे, एका ईस्टरला वेदीवरचं कापडसुद्धा.
मशीन रोज डोळ्यांपुढे.
विसरलो तो फक्त माणूस.

फादर इग्नास वळवी धडगावकडचे, माझ्या नातवाच्या वयाचे.
जाळीपलीकडून म्हणाले,
'विसरलं होतं ना, बाबा?
मग ते तेव्हाच माफ झालं, बाकीच्यांबरोबर.
आठवल्यावर सांगितलंत, बरं केलंत.'

म्हणजे क्षमा येऊन पडली होती
पन्नास वर्षांपूर्वीच,
आणि मी ती सोडवायला गेलो नव्हतो.

हलकं वाटायला हवं होतं.
मी विचारलं, फादर, खरंच विसरलो होतो का मी,
की त्या रकान्यात जपून ठेवलं होतं?

बराच वेळ नुसता पंखा.
बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत गेले,
शेवटच्या डब्यापर्यंत.
मग म्हणाले, 'त्याच्या घरी काही पोचवता आलं तर बघा.
नाव काय त्याचं?'

गाव आठवतं, मारवड.
पंच्याची लाल किनार आठवते.
नाव पावतीवर होतं.
पावती तो घेऊन गेला.