येल्लेवर्दची भर

गावाला उत्तरेची बाजू नाही.
टेकडी आहे, टेकडीवर चर्च, चर्चभोवती लिंडेनची झाडं,
आणि दफनभूमीच्या भिंतीपाशी
एकदम कडा,
पाव कापून नेल्यासारखी.

वीब्रिखने ड्रोनचे बिंदू संगणकात ओतले.
बिंदूंचे त्रिकोण झाले, त्रिकोणांची जमीन.
हे आजचं.
त्यावर तिने समोच्च रेषा आखल्या,
जरा वाकड्याच, टेकडीला कंपासची रेघ शोभत नाही म्हणून.
हे उद्याचं.
दोन जमिनींच्या मध्ये जी हवा उरली तिचं नाव भर.
ती हवा मोजायची, एवढंच काम.

बटण दाबलं. भर : दोन हजार नऊशे चार घनमीटर.
खणती : एकतीस.

एकतीस कसली? इथे तर खणायचं काहीच नव्हतं.
जे खणायचं ते एकशे तीस वर्षांपूर्वीच खणून झालं.

डोंगराळ मुलखात ही चूक बोंब मारते.
एका रेषेला उंची द्यायची राहिली की ती शून्यावर कोसळते
आणि गावाच्या मधोमध पाताळ उघडतं.
फ्रीसलंडमध्ये शून्य ही खरी जागा आहे.
गाई तिथे चरतात.
चूकही त्यांच्यातच मान खाली घालून चरत होती.

तिने चित्र आडवं फिरवलं.
साडेतीनची रेषा. टेकडीच्या कमरेला खंदक.
उंची टाकली, खंदक बुजला,
चार हजार तीनशे बारा. खणती शून्य.

खेर्लोफ डंपरवाला आकडा ऐकून कान खाजवतो.
"ही दाबून बसलेली माती झाली.
मी आणतो ती सैल असते, तिच्यात वारा असतो.
सव्वापट धर."
पाच हजार तीनशे नव्वद. तीनशे खेपा.
त्या येणार ड्रोन्रिपच्या कालव्यातून, जिथे पात्र रुंद करताहेत.
तिकडे तेवढाच खड्डा पडेल.
त्याचा रकाना हिच्या फाइलीत नाही.

दुपारी त्यित्स्के हुख्स्ट्रा एक वही घेऊन आली, पणजोबांची.
समुद्राला भिऊन पिढ्यांनी शेण, राख, चिखल
टाकत टाकत रचलेली ही टेकडी;
मग बांध झाले, भीती गेली,
आणि माती इतकी सकस निघाली की होडीच्या हिशेबाने विकली.
जगात मातीमोल म्हणतात ते कशाला, पणजोबांना कळलं नसतं.
पानापानांवर उभ्या रेघा, पाचवी आडवी.
चारशे सतरा होड्या.

"जुळतं का?" त्यित्स्केने विचारलं.

होडी केवढी, ते वहीत नाही.
वीब्रिखने उलटा भागाकार केला :
तेरा घनमीटरला किंचित कमी.
असेलही एवढी होडी. नसेलही.
आकड्याला आपल्या बाजूने वाकवणं किती सोपं असतं,
हे तिला त्या क्षणी पोटात जाणवलं,
आणि तिने भागाकार पुसून टाकला.

नकाशाच्या कोपऱ्यात मात्र एक ओळ वाढवली :
माथा तीस सेंटिमीटर जादा, माती बसण्यासाठी.

पहिला डंपर गुरुवारी आला.
ढीग ओतला, वाफ निघाली,
आत एक शिंपला, एक सायकलचं पेडल.
खेर्लोफने बूट रोवला, घोट्यापर्यंत गेला.
"पाच वर्षांनी ये मोजायला," म्हणाला,
"आज ही आपली कुणी नाही."